दप्तरात क्रशर सापडला, आता मुलाशी बोलायचं कसं?

ताई, इतर पालकांनाही उपयोग व्हावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. मुलगा सोळा वर्षांचा. गेल्या चार-पाच महिन्यांत गुण घसरले, जुने मित्र सुटले, खोलीचं दार बंद राहू लागलं. दप्तर धुवायला काढलं तेव्हा आतल्या कप्प्यात रोलिंग पेपरचं पाकीट, डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली आणि आत दाते असलेली एक गोल धातूची डबी मिळाली. त्याच्या बाबांचं म्हणणं, लघवी तपासायचा किट आणू आणि पॉझिटिव्ह आला तर थेट व्यसनमुक्ती केंद्रात ठेवू. तुम्हाला धास्ती की अशानं मुलगा हातचा जाईल. आणि तेरा वर्षांच्या धाकटीला काय सांगायचं, हाही प्रश्न आहेच.

वस्तूंबद्दल आडपडदा न ठेवता सांगतो. ती डबी म्हणजे क्रशर, वाळलेला गांजा बारीक करायचा. नुसते पेपर असते तर तंबाखूचीही शक्यता होती. नुसते थेंब असते तर मोबाईल बघून डोळे चुरचुरत असतील म्हणून सोडून देता आलं असतं. गांजानं डोळ्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, डोळे लाल होतात आणि ती लाली घालवायला मुलं हे थेंब जवळ ठेवतात. तिन्ही वस्तू एकाच कप्प्यात असताना मुलगा गांजा ओढतो, निदान त्यानं ओढून पाहिला आहे, असं धरून चाला. ‘मित्रानं ठेवायला दिलंय’ हे उत्तर येईल. त्यावर भांडू नका, पण विसंबूही नका.

मात्र त्या कप्प्यानं चार गोष्टी तुम्हाला सांगितलेल्या नाहीत. नेमकं काय काय घेतो, किती वेळा घेतो, कुणाबरोबर घेतो की एकटाच, आणि कशासाठी घेतो. पुढचे सगळे निर्णय या चार उत्तरांवर ठरतात, आणि ती उत्तरं फक्त त्याच्याकडे आहेत.

माझ्याकडे येणारे बरेच आईवडील पुराव्यांचं गाठोडं घेऊन येतात. फोनमधल्या मेसेजचे फोटो, खिशातली थोटकं, तारीखवार लिहिलेली वही. मुलगा बाजूला मान खाली घालून बसलेला. खटला अगदी तयार असतो, फक्त या चारपैकी एकाचंही उत्तर कुणाला माहीत नसतं. ते मिळवायला मूल आपणहून बोलायला हवं. म्हणून माझं सांगणं एकच आहे: पहिल्या बोलण्यातून कबुली मिळाली नाही तरी चालेल, दुसरं बोलणं होईल एवढी जागा राहिली पाहिजे.

चारपैकी शेवटच्या दोन गोष्टींना मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो. महिन्यातून एकदा मित्रांच्या घोळक्यात ओढणारा आणि रोज रात्री खिडकीशी एकटा ओढणारा, दोघांच्या दप्तरात वस्तू सारख्याच सापडतील. एकटा ओढणारा बहुतेक वेळा काहीतरी शमवत असतो: झोप लागत नाही, छातीत धडधडतं, वर्गात कुणी छळतं, डोक्यातले विचार थांबत नाहीत. अमेरिकेतल्या बॉस्टनमधल्या बालरोगतज्ज्ञांनी किशोरवयीन मुलांसाठी सहा प्रश्नांची एक छोटी चाचणी तयार केली आहे, ती आता जगभर वापरतात. त्यात ‘एकटा असताना घेतोस का’ आणि ‘बरं वाटावं, शांत वाटावं म्हणून घेतोस का’ हे दोन प्रश्न मुद्दाम आहेत. उरलेले असे: नशा केलेल्या कुणाच्या गाडीत बसलास का किंवा स्वतः चालवलीस का, नशेत काय केलं ते विसरलास का, घरच्यांनी किंवा मित्रांनी कमी कर म्हटलं का, कधी लफड्यात सापडलास का. दोन किंवा जास्त प्रश्नांना ‘हो’ आलं तर नीट तपासणी करून घ्यावी असा संकेत आहे. ही चाचणी तुम्ही हातात कागद धरून घरी घेऊ नका. प्रश्न मनात ठेवा, बोलता बोलता उत्तरं कळत जातील.

लक्षणांच्या याद्या कुठेही मिळतात, आणि त्यांतली निम्मी लक्षणं म्हणजे नुसतं वय असतं. या वयात शरीराचं घड्याळच तास-दोन तास पुढे सरकतं, त्यामुळे रात्री जागणं आणि सकाळी न उठणं यावरून काही ठरत नाही. दार लावून बसणं, तुटक उत्तरं देणं हेही वयाचंच. मी एकेका लक्षणापेक्षा बदलाचा वेग बघतो. जिवापाड आवडणारा खेळ एकाएकी सुटला, जुने मित्र गळाले आणि नव्यांची नावंही घरात ठाऊक नाहीत, पैसे लागतात पण विकत घेतलेली वस्तू दिसत नाही, असं तीन-चार बाजूंनी थोड्या महिन्यांत घडलं तर लक्ष घालायला हवं. तेव्हाही नशा हे एकमेव कारण नसतं. या वयातलं नैराश्य रडण्यापेक्षा चिडचिडीतून जास्त दिसतं. ऑनलाइन जुगारात अडकलेलं मूलही असंच वागतं. आणि पुष्कळदा नैराश्य आणि नशा दोन्ही असतं, आधी नैराश्य आणि मग त्यावर स्वतःच शोधलेला उपाय.

शरीरावरच्या खुणा पदार्थानुसार बदलतात. गांजात लाल डोळे, अवेळी कडकडून भूक, वेळेचं भान सुटणं. दीर्घकाळ रोज ओढणाऱ्या काहींना उलट्यांचे झटके येतात आणि गरम पाण्याखाली उभं राहिलं तरच बरं वाटतं. घरचे पित्ताचा त्रास समजून औषधं देत राहतात. मेफेड्रोन, ज्याला मुलं एमडी म्हणतात, किंवा त्या जातीचे उत्तेजक पदार्थ घेतले की बाहुल्या मोठ्या होतात, जबडा आवळला जातो, रात्रभर झोप नसते आणि उतरल्यावर मूल दिवसभर उठत नाही. हेरॉइन, कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या ही अफूच्या कुळातली मंडळी. यांत बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, बसल्या बसल्या पेंग येते, अंगाला खाज सुटते. व्हेपचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगारेटचं, उपकरण पेनड्राइव्हसारखं किंवा हायलायटरसारखं दिसू शकतं आणि वास फळांचा येतो, म्हणून ते सगळ्यात उशिरा लक्षात येतं. थिनर, गोंद, पेट्रोल हुंगणारी मुलं बऱ्याचदा वयानं सगळ्यात लहान असतात, कारण हे घरातच मिळतं. कपड्यांना रसायनाचा वास, नाकातोंडाभोवती पुरळ, लपवलेले बोळे या त्याच्या खुणा. आणि घरातलं औषधांचं कपाट बघा. आजी-आजोबांच्या झोपेच्या गोळ्या मोजून कुलपात ठेवा, आजच.

आता तो किट.

त्याच्या बाबांची घाई मला समजते. हातात कागद आला की निदान शंका तरी संपेल, असं वाटतं. पण शंका संपत नाही. एकदाच ओढलेला गांजा लघवीत साधारण तीन दिवस दिसतो, रोज ओढणाऱ्याचा महिनाभरही दिसू शकतो. म्हणजे पॉझिटिव्ह आला तरी काल ओढला की तीन आठवड्यांपूर्वी सोडला, हे कळत नाही. अफूजन्य पदार्थ आणि बहुतेक उत्तेजक दोन-चार दिवसांत निघून जातात. मेफेड्रोन, प्रिगाबालिन (नसांच्या दुखण्यावरचं औषध, नशेसाठीही घेतलं जातं), हुंगायची रसायनं नेहमीच्या घरगुती पट्टीवर सहसा येतच नाहीत. म्हणजे निगेटिव्ह आला की तुम्ही निर्धास्त आणि मुलगा त्याहून धोकादायक पदार्थावर, हेही शक्य आहे. सर्दी-खोकल्याच्या आणि इतर काही साध्या औषधांनी खोटा पॉझिटिव्ह येतो, तो प्रयोगशाळेतल्या पुढच्या तपासणीशिवाय खरा मानायचा नसतो. भरपूर पाणी पिऊन नमुना पातळ करणं, दुसऱ्याची लघवी आणणं हे मुलं एका दिवसात शिकतात. ते टाळायचं तर नमुना देताना कुणीतरी समोर उभं राहायला हवं. सोळा वर्षांच्या मुलासमोर संडासाच्या दारात बाप उभा, ही वेळ घरावर आणू नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनंही घरी आणि शाळेत अशा चाचण्या करण्याबाबत सावधच भूमिका घेतली आहे. चाचणी उपयोगी पडते ती उपचार सुरू झाल्यावर, डॉक्टरांच्या हातात, मुलाच्या संमतीनं. तेव्हा तिचा अर्थ बदलतो. कित्येक मुलांना ‘नाही, माझी टेस्ट होते’ हे मित्रांना सांगायला बरं निमित्त मिळतं.

बोलण्याआधी तुम्ही दोघं नवराबायको एकदा बसा, मुलगा घरात नसताना. एकानं रागवायचं आणि एकानं पाठीशी घालायचं ही वाटणी कित्येक घरांत आपोआप झालेली असते, आणि मूल त्या फटीतूनच निसटतं. बोलायला एकच जण बसला तरी चालेल, पण काय बोलायचं ते दोघांचं ठरलेलं हवं. तो नशेत असताना नाही, तुम्ही रागात असताना नाही, पाहुण्यांसमोर तर नाहीच. समोरासमोर खुर्च्या मांडून बसण्यापेक्षा चालता चालता किंवा गाडीत शेजारी बसून मुलं जास्त बोलतात, कारण नजर चुकवायची सोय असते.

सुरुवात साधारण अशी करा:

‘दप्तर धुवायला काढलं होतं, त्यात क्रशर, पेपर आणि आय ड्रॉप मिळाले. मी घाबरले. हे काय आहे ते मला माहीत आहे, त्यामुळे काय आहे हे विचारत नाही. तुझं काय चाललंय ते तुझ्याकडून ऐकायचंय.’

यात सापळा नाही हे बघा. जे माहीत आहे ते आधीच टेबलावर ठेवलं. ‘तुला मला काही सांगायचंय का?’ असं विचारून वाट बघणं, तो नाही म्हणाला की दप्तरातून डबी काढून दाखवणं, हा प्रकार मी कित्येकदा ऐकतो. त्यातून मुलाला खोटं बोलायला तुम्हीच भाग पाडता आणि मग भांडण खोटेपणावर होतं, गांजा बाजूलाच राहतो.

पुढे तो म्हणेल, ‘माझं नाहीये.’ तुम्ही म्हणा, ‘असेल. तरी तुझ्या दप्तरात होतं, म्हणून काळजी आहेच. आज नाही सांगायचं तर नको, मी परवा पुन्हा विचारेन.’ आणि खरंच परवा विचारा.

‘सगळेच ओढतात.’ इथे आकडेवारी काढून बसू नका. ‘सगळे म्हणजे तुझ्या ग्रुपमधले? तुला पहिल्यांदा कसं वाटलं?’ असं विचारा. ‘तुला त्यात काय आवडतं?’ हा प्रश्न पालकांच्या तोंडून निघता निघत नाही, पण सगळ्यात जास्त माहिती याच प्रश्नानं मिळते. ‘झोप लागते’ असं उत्तर आलं, तर तुम्हाला कारण कळलं. विल्यम मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९८३ मध्ये मांडलेल्या आणि पुढे स्टीफन रॉलनिक यांच्याबरोबर वाढवलेल्या मुलाखतीच्या पद्धतीचं सूत्र हेच आहे. बदल का करावा याची कारणं आपण ऐकवली की माणूस न बदलण्याची कारणं शोधू लागतो, आणि आपण नीट ऐकलं की बदलाची कारणं तोच बोलू लागतो.

‘गांजा नैसर्गिक आहे, काही होत नाही.’ यावर घाबरवू नका, खरं तेवढं सांगा. मोठ्या माणसाच्या मेंदूवर आणि सोळाव्या वर्षीच्या मेंदूवर परिणाम सारखा होत नाही. विचार करून थांबायला लावणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. लहान वयात आणि वारंवार गांजा घेणाऱ्यांत पुढे भास-भ्रमाच्या आजाराचा धोका वाढलेला दिसतो, घरात कुणाला तसा आजार असेल तर जास्तच. तुमच्या किंवा त्याच्या बाबांच्या नात्यात असं कुणी असेल तर हे मुलाला स्पष्ट सांगा, लपवू नका. त्याच्या दृष्टीनं हीच सगळ्यात कामाची माहिती आहे.

आणि एक वाक्य बाबांसाठी राखीव असतं: ‘तुम्ही पण पिताच की.’ यावर ‘मोठ्यांशी तोंड वर करून बोलू नकोस’ हे उत्तर पुरणार नाही. ‘हो, पितो, आणि त्याबद्दल मलाही विचार करायला हवा. पण आत्ता तुझ्याबद्दल बोलतोय’ एवढं पुरे. घरात रोज पिणं चालत असेल तर तेही बदलावं लागेल, नाहीतर बाकीचा उपदेश पाण्यात.

मारणं, कोंडणं, फोन फोडणं, नातेवाइकांना गोळा करून पंचायत भरवणं, यानं नशा थांबल्याचं मी पाहिलेलं नाही. लपवण्यात मात्र मूल तरबेज होतं. घाबरवून सुधारण्याचे सरकारी प्रयोगही करून झालेत. अमेरिकेत १९८३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांनी वर्गात जाऊन मुलांना नशेविरुद्ध शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि देशभर पसरला. पुढच्या काळात अभ्यासकांनी तपासलं तेव्हा मुलांच्या नशा करण्यात त्यानं जवळपास काहीच फरक पडला नव्हता.

घरच्यांच्या वागण्यानं मात्र फरक पडतो, याचा चांगला पुरावा आहे. रॉबर्ट मायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत बांधली, ज्यात व्यसनी माणसाला न बोलावता त्याच्या घरच्यांनाच प्रशिक्षण देतात. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उपचार नाकारणाऱ्या मद्यपींच्या घरच्यांना ही पद्धत शिकवली तेव्हा ६४ टक्के मद्यपी उपचारांना आले. घरच्यांनी ठरवून एकत्र जमून त्यांना जाब विचारण्याच्या पद्धतीत हे प्रमाण ३० टक्के होतं. अभ्यास मोठ्या माणसांचा होता हे खरं, पण त्यातली तत्त्वं किशोरवयीन मुलांच्या पालकांनाही शिकवली जातात. नशेत असताना वाद नाही आणि लाडही नाहीत, मूल सुरक्षित आहे एवढं बघून बाजूला व्हायचं. शुद्धीत, बऱ्या मूडमध्ये असेल तेव्हा आवर्जून जवळ जायचं, वेळ द्यायचा, बोलायचं. बहुतेक घरांत नेमकं उलटं असतं: चुकला की सगळं घर त्याच्याभोवती, नीट वागला की कुणाचं लक्ष नाही. आणि त्याच्या करणीचे परिणाम आपण झेलायचे नाहीत. सकाळी उठवलं नाही म्हणून वर्ग चुकला तर चुकू दे. त्याच्यासाठी शाळेत खोटी चिठ्ठी देऊ नका.

नियम थोडे ठेवा आणि असे ठेवा की तुम्ही ते पाळून घेऊ शकाल. ‘पुन्हा दिसलं तर घराबाहेर काढीन’ हा नियम नाही, कारण तुम्ही काढणार नाही आणि हे त्यालाही ठाऊक आहे. घरात हे पदार्थ येणार नाहीत. रोख पैसे मोजून आणि कशासाठी ते सांगून. रात्री किती वाजता घरी, ते ठरलेलं. मोडलं तर काय होणार तेही आधीच ठरलेलं, लहानसं आणि त्याच दिवशी संपणारं. गाडीचा नियम मात्र सगळ्यांवर: नशा केली असेल तर चालवायची नाही, नशा केलेल्याच्या मागेही बसायचं नाही. ‘कितीही वाजता फोन कर, आम्ही न्यायला येऊ, त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही.’ हे वचन दिलंत तर पाळा. प्रश्न दुसऱ्या दिवशी विचारायचे. सापडलेल्या वस्तूंचं म्हणाल तर त्या परत करायच्या नाहीत, घरात जपूनही ठेवायच्या नाहीत. त्याला सांगून टाकून द्या.

एक गोष्ट जवळजवळ कुणीच पालकांना सांगत नाही. रोज ओढणाऱ्यानं गांजा सोडला की एक-दोन दिवसांत चिडचिड, अस्वस्थता, भूक मरणं, झोप उडणं आणि अगदी खरी वाटणारी स्वप्नं सुरू होतात. पहिल्या आठवड्यात हे जास्त असतं, दोन-तीन आठवड्यांत ओसरतं, झोपेला त्याहून वेळ लागतो. म्हणजे मुलगा खरंच थांबला की तो आधीपेक्षा वाईट वागताना दिसतो. याच वेळी आई म्हणते, ‘बघा, अजून घेतोय.’ ज्यानं प्रामाणिकपणे प्रयत्न केला त्याच्यावर त्याच आठवड्यात आरोप झाला की तो म्हणतो, मग ओढलेलं काय वाईट. हे दिवस येणार हे घरातल्यांनी आधीच धरून चालावं.

दारू किंवा झोपेच्या, चिंतेच्या गोळ्या (अल्प्राझोलामसारख्या) रोज घेणाऱ्याला मात्र घरी एकदम बंद करायला लावू नका. झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच. अफूजन्य पदार्थ सोडताना त्रास भयंकर दिसतो, तरी खरा धोका नंतर असतो. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते, आणि मूल जुन्याच मात्रेनं पुन्हा घेतं तेव्हा श्वास थांबू शकतो. केंद्रातून परतलेल्या मुलांच्या घरी हे माहीत असायलाच हवं. नॅलॉक्सोन हे अफूजन्य पदार्थांवरचं उतारा-औषध कसं मिळेल, ते डॉक्टरांना विचारून ठेवा.

तातडीचे प्रसंग. हाक मारून, चिमटा घेऊन जाग येत नाही, श्वास मंद किंवा घरघरत, ओठ-नखं निळसर, झटके, छातीत दुखणं, अंग भट्टीसारखं तापलेलं आणि बडबड, किंवा मरणाची भाषा: यांपैकी काहीही दिसलं की झोपून उतरेल म्हणून वाट बघू नका. रुग्णवाहिका बोलवा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून ठेवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. उलटी करवू नका, थंड पाण्याखाली धरू नका, एकटं सोडू नका. काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगा, पाकीट मिळालं तर सोबत न्या. थिनर किंवा गॅस हुंगताना मूल सापडलं तर ओरडू नका, पाठलाग करू नका. त्या रसायनांनी हृदय इतकं संवेदनशील झालेलं असतं की दचकल्यानं, धावल्यानं ठोके बिघडून जागच्या जागी मृत्यू येऊ शकतो. खिडक्या उघडा, शांतपणे हातातलं काढून घ्या, बसवा.

व्यसनमुक्ती केंद्राबद्दल. तुम्ही लिहिलंय त्यावरून, आज तरी मी भरती सुचवणार नाही. आठवड्याला एकदा येऊन-जाऊन उपचार घेणं बहुतेक किशोरवयीन मुलांना पुरतं. वर्षानुवर्षं मुरलेल्या मोठ्या माणसांच्या खोलीत सोळा वर्षांचा मुलगा ठेवला तर तो तिथून नवे पदार्थ आणि नव्या ओळखी घेऊन येतो. भरती लागते ती शरीर त्या पदार्थावर अवलंबून असेल, जिवाला धोका असेल, भास होत असतील किंवा बाहेरचे उपचार करूनही काहीच हलत नसेल तेव्हा. केंद्र निवडताना विचारा: मानसोपचारतज्ज्ञ रोज येतात का, मुलांची व्यवस्था वेगळी आहे का, पालकांना कधी भेटू देतात, मारहाण-साखळ्या असलं काही नाही ना. पहिले काही महिने भेटायचंच नाही असं सांगणारं केंद्र मी टाळतो.

पहिली भेट मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा या वयाच्या मुलांबरोबर काम करणाऱ्या समुपदेशकांकडे घ्या. ते मुलाशी एकट्यानं बोलतील. बाहेर आल्यावर ‘काय विचारलं, काय सांगितलंस?’ असं करू नका. जिवाला धोका असेल तर ते तुम्हाला सांगतीलच, बाकीचं त्याचं त्याच्यापाशी राहू द्या. तो यायला तयार नसेल तर तुम्ही दोघं जा. तेवढ्यानंही घरातलं बरंच हलतं. आणि सुधारणा सरळ रेषेत होत नाही हे आधीच ऐकून ठेवा. दोन महिने नीट गेल्यावर एका वाढदिवसाला तो पुन्हा ओढून येईल. तेव्हा ‘सगळं वाया गेलं’ म्हणू नका. कुणाबरोबर होता, आधी काय झालं होतं, पुढच्या वेळी काय करशील, एवढंच विचारा.

आता धाकटी. तिला सगळं आधीच कळलंय असं समजा. बंद दारांमागचे आवाज मुलांना ऐकू येतात आणि न सांगितलेल्या जागा ती कल्पनेनं भरतात. तेरावं वर्ष हे लवकर नाही, योग्यच आहे. १५ वर्षांच्या आत दारू सुरू करणाऱ्यांत पुढे व्यसन जडण्याचं प्रमाण २१ नंतर सुरू करणाऱ्यांच्या साधारण चौपट दिसलं आहे. याला लवकर सुरुवात हे एकच कारण नसेल, तरी सुरुवात जितकी लांबेल तितकं बरं. घरीच थोडी चाखवली तर बाहेर जाऊन पिणार नाहीत, ही समजूतही टिकत नाही. ऑस्ट्रेलियात किशोरांना सहा वर्षं पाहून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पालकांनी दारू दिल्याचा कसलाही संरक्षक उपयोग आढळला नाही.

आइसलँडचं उदाहरण मी पालकांना नेहमी देतो. १९९८ मध्ये तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं गेल्या महिन्यात कधीतरी दारूच्या नशेत होती. २०१६ मध्ये ते प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. गांजा कधीतरी घेतलेली मुलं १७ वरून ७ टक्क्यांवर आली. तिथे भाषणांवर फारसा भर नव्हता. मुलांना खेळ आणि कलांच्या वर्गांसाठी पैसे दिले, रात्री बाहेर राहण्यावर बंधन आणलं, आणि पालकांनी एकमेकांशी बोलून सारखेच नियम ठरवले, आठवड्याच्या मधल्या दिवशीही मुलांबरोबर वेळ घालवायचा असं ठरवलं. तुम्ही देश बदलू शकत नाही, पण धाकटीच्या तीन-चार मैत्रिणींच्या आयांचे फोन नंबर घेऊ शकता आणि ‘आमच्याकडे नऊला परत, तुमच्याकडे?’ हे विचारू शकता.

तिला सांगताना एवढं पुरे: ‘दादा काही दिवस त्रासात आहे, गांजा घेत होता, आम्ही त्याला मदत करतोय. यात तुझी चूक नाही. तुला काही विचारायचं असेल तर मला विचार.’ दादाला आधी सांगा की तुम्ही धाकटीशी बोलणार आहात आणि काय बोलणार आहात. तिच्यावर दादावर लक्ष ठेवायचं काम टाकू नका, तो काय करतो ते तिला विचारू नका. आणि तिनं आपणहून येऊन काही सांगितलं, तर ‘धाकटी म्हणत होती’ असं त्याच्यासमोर कधीही म्हणू नका.